कामकरी गायक : बिल विदर्स

कलावंताचे चरित्र म्हटले, की आपल्या मनात त्याचा एक साचा तयार असतो. बालपणीच प्रतिभेची चुणूक दिसावी, ऐन तारुण्यात कीर्तीने गळ्यात माळ घालावी आणि पुढे अखेरच्या श्वासापर्यंत त्या माणसाने गातच राहावे, अशी आपली अपेक्षा असते. अमेरिकेतील 'सोल' संगीताचे गायक आणि गीतकार बिल विदर्स यांच्या आयुष्याने हा साचा दोन्ही टोकांनी मोडला. त्यांचा पहिला गीतसंग्रह १९७१ साली निघाला, तेव्हा त्यांच्या वयाला बत्तीस वर्षे पूर्ण झाली होती आणि तोवरची त्यांची ओळख विमानसामग्रीच्या कारखान्यातील एक कामगार एवढीच होती. शेवटचा संग्रह १९८५ साली निघाला, आणि त्यानंतर त्यांनी गायनाचा व्यवसायच सोडून दिला. पुढे पस्तीस वर्षे ते जगले. त्या काळात त्यांनी एकही नवा संग्रह काढला नाही. त्यांची जुनी गीते मात्र जगभर फिरत राहिली. अवघ्या चौदा वर्षांची ही कारकीर्द. ती इतक्या उशिरा का सुरू झाली आणि इतक्या लवकर का थांबली, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच त्या गीतांचे मर्म आहे, असे मला वाटते. त्या मर्माचा थोडा शोध आज आपण घेऊ.

प्रथम 'सोल' या शब्दाविषयी थोडेसे. सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जी भक्तिगीते गायिली जात, त्यांत एक जण आर्त स्वरात ओळ उचली आणि भोवतालचा समुदाय टाळ्यांच्या ठेक्यावर तिला प्रतिसाद देई. आपल्या कीर्तनकाराला टाळकऱ्यांची साथ मिळते, काहीसा तसाच हा प्रकार. दुसरीकडे कष्टकऱ्यांच्या दुःखातून जन्मलेले 'ब्लूज' आणि शहरांत वाढलेले ठेकेदार लौकिक संगीत होते. १९५० नंतरच्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक यांच्यासारख्या गायकांनी देवाला घातलेली ती आर्त हाक माणसाच्या प्रेमगीतात आणली, आणि या संगमातून सोल संगीत उदयास आले. डेट्रॉइट आणि मेंफिस ही शहरे त्याची मोठी पीठे ठरली. तेथील गायक बहुधा कोवळ्या वयातच व्यवसायात उतरत, आणि भरदार वाद्यवृंदापुढे, झगझगीत पोशाखात उभे राहून गात. विदर्स या वाटेने आले नाहीत. ते आले ते खाणीच्या गावातून, नौदलातून आणि कारखान्यातून.

त्यांचा जन्म ४ जुलै १९३८ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील स्लॅब फोर्क नावाच्या लहानशा गावी झाला. डोंगरांच्या कुशीत वसलेले हे गाव कोळशाच्या खाणीवर जगत होते. सहा भावंडांत बिल सर्वांत धाकटा. वडील खाणीत काम करीत. गोऱ्यांची वस्ती निराळी आणि काळ्यांची निराळी, असा तो काळ होता. परंतु बिलचे बालपण या दोन वस्त्यांच्या सीमेजवळ गेले. त्यामुळे एका कानी चर्चमधील भक्तिगीते पडत, तर दुसऱ्या कानी गोऱ्या डोंगरकऱ्यांचे साधे, गोष्टी सांगणारे गाणे. विदर्स यांच्या पुढच्या गीतांत गिटारच्या चार तारांवर एखादी गोष्ट सांगून टाकण्याची जी रीत दिसते, तिचे बीज येथे पडले असावे. पुढे जवळच्याच बेकली या गावी तो वाढला. तेरा वर्षांचा असताना वडील वारले. आपल्या कुटुंबातला खाणीत न उतरलेला पहिला पुरुष मी, असे ते पुढे सांगत.

या मुलाच्या वाट्याला आणखी एक अडचण आली होती. तो बोलताना अडखळे. मनात शब्द तयार असावा आणि ओठांपर्यंत येता येता तो अडून बसावा, समोरच्याने हसावे किंवा घाईने तो शब्द स्वतःच पुरा करून टाकावा, हे दुःख ज्याने भोगले असेल त्यालाच कळेल. अशा मुलाला जगात दोन प्रकारची माणसे भेटतात: त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणारी, आणि न थांबणारी. थांबणाऱ्यांत त्याची आजी होती. मुलगा धड बोलू शकत नाही म्हणून तो काही करू शकणार नाही, असे तिला कधी वाटले नाही. या आजीवर विदर्स यांनी 'ग्रँडमाज हँड्स' हे गीत लिहिले. सारे गीत तिच्या हातांविषयी आहे. चर्चमध्ये टाळी धरणारे हात, पडलेल्या नातवाला उचलणारे हात, दुखऱ्या, सुजऱ्या बोटांचे हात, अडल्यानडल्या शेजारणीला धीर देणारे हात. आजीचा चेहरा कसा होता, हे गीत सांगत नाही. ती थोर होती, असेही सांगत नाही. हातांनी केलेली कामे तेवढी एकापाठोपाठ एक सांगितली जातात, आणि जेमतेम दोन मिनिटांत गीत संपते तेव्हा ती वृद्धा ऐकणाऱ्याच्या समोर उभी असते. प्रेम हे शब्दांत नसून कृतीत असते, ही गोष्ट अडखळत बोलणाऱ्या मुलाला इतरांहून लवकर कळली असेल, तर त्यात नवल नाही.

किशोरवय संपता संपता बिल नौदलात भरती झाला आणि तेथे त्याने नऊ वर्षे काढली. विमानांच्या दुरुस्तीचे काम तो तेथे शिकला. बोलण्यातील अडखळणेही हळूहळू कमी झाले. परंतु ते पुरते आटोक्यात येईपर्यंत तिशी जवळ आली होती. नौदलातून बाहेर पडल्यावर त्याने घरोघर दूध पोहोचवण्याचेही काम केले. १९६७ च्या सुमारास तो लॉस एंजेलिसला आला आणि विमानसामग्रीच्या कारखान्यांत काम करू लागला. यांपैकी एका कारखान्यात त्याच्याकडे काम होते ते बोइंग ७४७ या अवाढव्य विमानातील शौचकूपे तयार करण्याचे. पुढे कीर्ती मिळाल्यावरही विदर्स यांनी या कामाचा उल्लेख कधी टाळला नाही. उलट मिश्किलपणे तो वारंवार केला.

मग हा कामगार गाण्याकडे वळला कसा? त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत मोठी मौजेची आहे. ओकलंड येथील एका गानगृहात ते गेले असता त्या रात्रीचे गायक लू रॉल्स यांना यायला उशीर झाला होता. गानगृहाचा चालक येरझारा घालीत कुरकुरत होता, की आठवड्याला दोन हजार डॉलर मोजूनही हा गृहस्थ वेळेवर येत नाही. विदर्स यांना त्या वेळी तासाला तीन डॉलर मिळत. त्यांनी मनाशी हिशेब केला, गहाणवटीच्या दुकानातून एक स्वस्त गिटार विकत घेतली आणि कामाचे तास सांभाळून ते ती शिकू लागले. श्रोतेहो, या हकीकतीत सरस्वतीचा साक्षात्कार नाही, स्वप्नातला दृष्टांत नाही. आहे तो एका कष्टकऱ्याचा रोखठोक व्यवहार. मला हा प्रांजळपणा मोलाचा वाटतो. कारण ज्याने गाण्याकडे एक काम म्हणून पाहिले, त्यानेच पुढे त्या कामात लबाडी होऊ दिली नाही.

पगारातून शिल्लक टाकून त्यांनी आपली काही गीते ध्वनिमुद्रित करून घेतली आणि ती फीत घेऊन ते ध्वनिमुद्रण संस्थांचे उंबरठे झिजवू लागले. अखेर 'ससेक्स' या नव्या, लहानशा संस्थेचे चालक क्लॅरेन्स एव्हंट यांनी त्यांना जवळ केले आणि संग्रहाची सिद्धता मेंफिसच्या परंपरेत वाढलेले वादक-संगीतकार बुकर टी. जोन्स यांच्यावर सोपवली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी विदर्स यांनी जोन्स यांना विचारले, की ही गीते गाणार कोण? तुम्हीच, असे उत्तर मिळाले. आपण गीते लिहिणारे. गायला कोणी खरा गायक येईल, अशी त्यांची समजूत असावी. ज्याला लहानपणापासून आपल्या आवाजाची धास्ती वाटली, त्या माणसाच्या या प्रश्नात विनयापेक्षाही खोल असे काही आहे.

'जस्ट ॲज आय ॲम', म्हणजे 'मी जसा आहे तसा', हे त्या पहिल्या संग्रहाचे नाव. त्याच्या वेष्टनावरील छायाचित्र कारखान्यातच, जेवणाच्या सुटीत घेतलेले आहे. साधा कामाचा पोशाख, पाठीमागे विटांची भिंत आणि हातात जेवणाचा डबा, असे विदर्स त्यात उभे आहेत. गायकाच्या हाती वाद्य नसून डबा असावा, हा त्या काळी नवलाचाच प्रकार होता. एकीकडे गीते लोकांपर्यंत पोहोचू लागली, तरी गाण्याचा धंदा बेभरवशाचा म्हणून कारखान्याची वाट कायमची बंद करण्यास त्यांचे मन तयार नव्हते. एके दिवशी टपालाने दोन पत्रे आली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. एक होते कारखान्याकडून पुन्हा कामावर बोलावणारे, आणि दुसरे होते जॉनी कार्सन यांच्या अमेरिकाभर गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गाण्याचे निमंत्रण देणारे.

हे दुसरे पत्र ज्या गीतामुळे आले, ते म्हणजे 'एन्ट नो सनशाइन'. प्रिय व्यक्ती घरातून निघून गेली, की ऊन पडेनासे होते, एवढाच त्याचा आशय. 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' हा मद्यपानाच्या आहारी गेलेल्या एका जोडप्याचा १९६२ सालचा चित्रपट पाहताना ते सुचले. आपल्या नाशाला कारण होणाऱ्या गोष्टीचीच माणसाला ओढ लागते, हे त्यातून त्यांच्या मनात राहिले होते. गीत दोन मिनिटांहून थोडेसेच मोठे. वाद्यांची प्रस्तावना नाही. पहिल्या क्षणापासून थेट आवाज. मध्यावर आल्यावर एक विलक्षण गोष्ट घडते. 'ठाऊक आहे मला' अशा अर्थाचे दोन लहान शब्द गायक सव्वीस वेळा, ओळीने, म्हणत राहतो. खरे म्हणजे त्या जागी आणखी एक कडवे लिहिण्याचा विदर्स यांचा विचार होता. शब्द सुचेपर्यंत त्यांनी हे दोन शब्द भरीला घातले होते. परंतु भोवतालच्या अनुभवी वादकांनी ते तसेच ठेवा, असा आग्रह धरला. ते बरोबर होते. विरहात माणूस दुसरे काय करतो? जे ठाऊक आहे तेच मनाला पुन्हा पुन्हा सांगत राहतो. आणि शब्द अडला असता तोच तो उच्चार वारंवार होणे, हा जो या माणसाच्या बालपणीचा शाप, तोच येथे वर झाला, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

हे गीत आरंभी लहान तबकडीच्या मागच्या बाजूस टाकले होते. नभोवाणीवरील निवेदकांनी तबकडी उलटून तीच बाजू वाजवण्यास सुरुवात केली, आणि १९७१ साली ते अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर जाऊन पोहोचले. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. विक्रीने सुवर्णमानांकन गाठले, तेव्हा कारखान्यातील कामाची आठवण ठेवून संस्थेने विदर्स यांना चक्क शौचकूपाचे सोनेरी आसन भेट दिले.

१९७२ साली 'स्टिल बिल' हा दुसरा संग्रह आला, आणि त्यातील 'लीन ऑन मी' या गीताने यादीतील पहिले स्थान मिळवले. अडचण आली तर माझ्या खांद्यावर भार टाक, उद्या मलाही तुझी गरज पडेल: या गीताचा आशय इतका साधा आहे, की कागदावर तो बाळबोध वाटावा. त्याची चालही तशीच. विदर्स यांनी नुकताच एक लहान पियानो घेतला होता आणि त्यांना तो फारसा येत नव्हता. बोटे एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर नेत ती वर चढवायची आणि तशीच खाली उतरवायची, एवढेच त्यांना साधत होते. आपल्याकडे गायनाच्या पहिल्या धड्यात मुले सा, रे, ग, म असे चढतात आणि उलट उतरतात, जवळजवळ त्याच पायऱ्यांवर या गीताचा आरंभ उभा आहे. म्हणूनच ते ज्याला गाता येत नाही त्यालाही गाता येते.

परंतु त्याच्या साधेपणामागे एक जग आहे. लॉस एंजेलिससारख्या महानगरात राहू लागल्यावर विदर्स यांना आपल्या खाणीच्या गावाची आठवण येऊ लागली. तेथे शेजारी एकमेकांच्या मदतीला धावून जात, आणि त्या धावून जाण्याला कोणी उपकार म्हणत नसे. ज्या गावी जमिनीखाली काम करणाऱ्या प्रत्येकाचा जीव दुसऱ्याच्या सावधपणावर अवलंबून असतो, तेथे परस्परांचा आधार हे नुसते सुभाषित राहत नाही. प्रेमिकांची गीते अगणित आहेत. शेजाऱ्याचे गीत क्वचितच कोणी लिहिले. 'लीन ऑन मी' हे शेजाऱ्याचे गीत आहे, आणि त्यातला आधार दुतर्फा आहे. आज मी देतो, उद्या मी मागेन, असे म्हणणाऱ्याने मदत घेणाऱ्याचा मान राखलेला असतो.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध कार्नेगी हॉलमध्ये त्यांचे गायन झाले. ते ध्वनिमुद्रित होऊन १९७३ साली प्रसिद्ध झाले. त्यात 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड' नावाचे एक गीत आहे. व्हिएतनामच्या युद्धात उजवा हात गमावलेल्या एका तरुण सैनिकाचे हे मनोगत. त्याला पत्र लिहायचे आहे, पण डाव्या हाताने लिहिता येत नाही. म्हणून तो दुसऱ्याला लिहून देण्याची विनंती करतो. त्या काळी युद्धविरोधी गीते पुष्कळ निघाली. त्यांत घोषणा होत्या, संताप होता. विदर्स यांनी युद्धाचा निषेध करणारे एकही मोठे वाक्य योजले नाही. दुसऱ्याच्या हाताने पत्र लिहून घेण्याची पाळी आलेला माणूस त्यांनी दाखवला. मनात आहे आणि सांगता येत नाही, ही वेदना त्यांच्या अगदी ओळखीची होती.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून या शब्दकळेचा विचार केला पाहिजे. विदर्स यांच्या गीतांत अलंकार जवळजवळ नाहीत. शब्द रोजच्या वापरातले, ओळी तोकड्या, आवाज मध्यम पट्टीतला, उबदार आणि संथ. सोल संगीतात किंकाळीला मोठा मान आहे; विदर्स क्वचितच ओरडतात. त्यांच्या साधेपणाचे श्रेय बहुधा अल्प शिक्षणाला किंवा ग्रामीण जन्माला दिले जाते. मला त्याचे कारण निराळे दिसते. ज्याला प्रत्येक शब्दासाठी झगडावे लागले, तो शब्द उधळीत नाही. वाक्य सुरू करण्यापूर्वी अडखळणारा मनुष्य मनातल्या मनात शब्द निवडतो, अवघड शब्द टाळतो, त्याच अर्थाचा सोपा शब्द शोधतो. ही निवड विदर्स यांनी जन्मभर, नाइलाजाने, केली होती. गीतकाराला दुसरे कोणते शिक्षण हवे? त्यात कामगाराची दृष्टी मिळाली: जोड घट्ट बसला पाहिजे, आणि जादा भाग काढून टाकला पाहिजे. आपल्याकडे सावता माळ्याच्या अभंगात मळा आला आणि गोरोबांच्या अभंगात मडके आले. ही तुलना फार ताणू नये. पण हाताच्या कामाने वाणीला येणारा नेमकेपणा तेथेही आहे आणि येथेही आहे.

आता या कारकिर्दीच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. १९७४ साली आफ्रिकेतील झाईर देशाच्या किन्शासा या राजधानीत मोठा संगीतोत्सव झाला. तेथे जेम्स ब्राउन, बी. बी. किंग यांच्यासारख्या दिग्गजांच्या पंक्तीत विदर्स गायिले. परंतु त्याच सुमारास ससेक्स संस्थेशी त्यांचे व्यवहारावरून बिनसले, आणि १९७५ साली ती संस्था बंद पडली. विदर्स 'कोलंबिया' या बलाढ्य संस्थेकडे गेले. येथे त्यांची गाठ एका नव्या जगाशी पडली. त्यांची गीते कशी असावीत हे त्यांना सांगणारे पुष्कळ जण तेथे होते. कृष्णवर्णीय श्रोत्यांना काय रुचते याचे ज्ञान आपल्यालाच आहे, अशा थाटात वावरणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना विदर्स यांनी उपहासाने एक नावही ठेवले होते. एकाने तर त्यांना सुचवले, की एल्व्हिस प्रेस्ले यांनी गाजवलेले गरीब वस्तीवरचे गीत तुम्ही पुन्हा गा. ज्याने दारिद्र्य पाहिले आणि त्यावर स्वतःची गीते रचली, त्याला गरिबीचे उसने गीत गायला सांगावे, यातील विसंगती त्या अधिकाऱ्याला जाणवली नसेल. विदर्स यांना ती जन्मभर बोचली.

तरीही या काळात सुंदर गीते आलीच. १९७७ सालच्या 'लव्हली डे' या गीताच्या अखेरीस त्यांनी एकच स्वर सुमारे अठरा सेकंद अखंड धरला आहे. ज्याचा उच्चार एके काळी पदोपदी तुटत होता, त्याचा हा न तुटणारा स्वर ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात. पुढे ग्रोव्हर वॉशिंग्टन या सॅक्सोफोनवादकाच्या १९८० सालच्या संग्रहासाठी त्यांनी 'जस्ट द टू ऑफ अस' हे गीत गायिले. विल्यम सॉल्टर आणि राल्फ मॅक्डोनाल्ड यांच्या या रचनेत शब्दांवर विदर्स यांचाही हात फिरला होता. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि त्यालाही ग्रॅमी मिळाला. मौज अशी, की हे गीत निघाले ते दुसऱ्याच संस्थेकडून. स्वतःच्या संस्थेत त्यांचा नवा संग्रह वर्षानुवर्षे रखडला होता.

अखेर तो संग्रह १९८५ साली निघाला. तो त्यांचा आठवा, आणि शेवटचा. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी विदर्स उठले. त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला नाही, वृत्तपत्रांतून घोषणा केली नाही. कामाची पाळी संपल्यावर कामगाराने डबा उचलून घरी जावे, तसे ते घरी गेले. मुलांच्या संगोपनात रमले, घरे विकत घेण्याच्या व्यवहारात लक्ष घातले. आपल्या गीतांचे प्रकाशनहक्क त्यांनी सांभाळून ठेवले होते आणि त्यांचा कारभार त्यांच्या पत्नी पाहत. चरितार्थासाठी कोणापुढे गाण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही, याचे एक कारण ही सावधगिरी होती. सोल संगीतातील कितीएक थोर गायकांनी आपल्या गीतांचे हक्क कवडीमोलाने गमावले आणि वार्धक्यात विपन्नावस्था भोगली. हे ध्यानी घेतले म्हणजे स्लॅब फोर्कच्या या मुलाचा व्यवहार किती शहाणपणाचा होता, ते कळते.

त्यांनी असे उठून जाणे योग्य होते का? रसिकांच्या बाजूने पाहिले तर हे मोठेच नुकसान झाले. पन्नाशीत, साठीत माणसाचे मन पिकते. त्या वयातले विदर्स यांचे गीत कसे असते, हे आपल्याला कधीच कळणार नाही. देणगी ज्याला मिळाली, त्याच्यावर ती वापरण्याचे ऋण असते, असेही कोणी म्हणेल. त्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु हे ऋण कोणाचे आणि किती, हे ठरवताना एक गोष्ट विसरता कामा नये. विदर्स गायक म्हणून जन्माला येण्यापूर्वी बत्तीस वर्षे माणूस म्हणून जगले होते. नौदलात, कारखान्यात, दुधाच्या गाडीवर त्यांनी कष्ट केले होते. गायन गेले तर आपण कोणीच उरणार नाही, ही भीती कोवळ्या वयात कीर्ती मिळालेल्याला ग्रासते, आणि त्या भीतीपोटीच तो मन मारून गात राहतो. विदर्स यांना ती भीती नव्हती. कारकीर्द उशिरा सुरू झाली, म्हणूनच ती त्यांना सोडता आली. ज्या मूळ कारणाने त्यांची गीते खरी झाली, त्याच कारणाने ती थांबली. खोटे गाण्यापेक्षा त्यांनी न गाणे पत्करले, आणि हे मौन त्यांच्या गीतांशी सुसंगत होते.

गीतांना मात्र कोणी थांबवू शकले नाही. १९८७ साली 'क्लब नूव्हो' या वृंदाने 'लीन ऑन मी' नव्या ठेक्यात गाऊन पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेले, आणि गीतकार म्हणून विदर्स यांना तिसरा ग्रॅमी घरबसल्या मिळाला. जानेवारी २००९ मध्ये बराक ओबामा यांच्या शपथविधीपूर्वी लिंकन स्मारकासमोर भरलेल्या सोहळ्यात मेरी जे. ब्लाइज यांनी हेच गीत गायिले. त्याच वर्षी विदर्स यांच्यावरील एक अनुबोधपट प्रकाशित झाला. त्यातले एक दृश्य विसरता येत नाही: बोलताना अडखळणाऱ्या मुलांमध्ये हा वृद्ध गायक बसला आहे, त्यांचे ऐकतो आहे आणि ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून येतात. २०१५ साली क्लीव्हलंड येथे रॉक संगीताच्या सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला, तेव्हा त्यांचा परिचय करून देण्यास स्टीव्ही वंडर उभे होते.

३० मार्च २०२० रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, हृदयविकाराने विदर्स यांचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले. जगभर महामारीने दारे बंद झाली होती ते हे दिवस. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा हात धरता येत नव्हता, आणि अमेरिकेत ठिकठिकाणी लोक खिडक्यांत उभे राहून 'लीन ऑन मी' गात होते. त्या लोकांत गाण्याची तालीम झालेले कितीसे असतील? पण चार पायऱ्या चढायच्या आणि चार उतरायच्या, इतकी ती चाल सोपी होती. पियानो न येणाऱ्या एका कामगाराने ती आपल्या बोटांना झेपेल अशी बांधली होती, म्हणूनच ती सर्वांच्या गळ्याला झेपली.